पहिला श्वास

मूल जन्मतांच रडलें कीं घरांत आनंद होतो. तें रडलें नाहीं, तर बाळंतिणीच्या खोलींत केवढी भीति दाटते, हें सुईणीलाच ठाऊक! गर्भांत असतां मुलाचीं फुप्फुसें द्रवानें भरलेलीं असतात व प्राणवायु त्यास वारेंतून मिळतो. जन्मानंतर हा पुरवठा थांबतो आणि फुप्फुसांत हवा भरावी लागते. ती भरली नाहीं, तर कांहीं मिनिटांतच मेंदूस इजा पोहोंचते.

या मिनिटांशीं मनुष्य पूर्वीपासून झगडत आला आहे. एकोणिसाव्या शतकांत शुल्ट्झे या जर्मन वैद्यानें असें मूल खांद्यांशीं धरून वरखालीं झुलविण्याची रीत सांगितली. आपल्या देशांतील सुईणी वार शेकीत, थाळी वाजवीत. उपाय भोळे होते. तळमळ खोटी नव्हती. पुढें १९५६ सालीं डेन्मार्कमध्यें रूबेन व हेस या दोघांनीं दाबल्यावर आपोआप पुन्हां फुगणारी पिशवी तयार केली. १९७१ सालीं अमेरिकेंत ग्रेगरी यांनीं अपुऱ्या दिवसांच्या मुलांचीं फुप्फुसें मिटूं नयेत म्हणून हवेचा सतत दाब देण्याची पद्धति प्रसिद्ध केली. विद्या वाढली, परंतु ती शहरांतील रुग्णालयांत राहिली, आणि मुलें खेड्यांतील झोंपडींत जन्मत राहिलीं.

हें अंतर तोडण्याचा विचार वर्ध्याच्या मातींत रुजलेला होता. गांधीजी १९३६ सालीं वर्ध्याजवळच्या सेगांवांत राहावयास गेले. तेंच पुढें सेवाग्राम झालें. तेथें कस्तुरबा रुग्णालय उभें राहिलें आणि १९६९ सालीं खेड्यांसाठीं वैद्यकीय महाविद्यालयहि निघालें. याच सेवाग्रामच्या नयी तालीमच्या शाळेंत डॉ. अभय बंग शिकले. त्यांनीं व डॉ. राणी बंग यांनीं १९८६ सालीं गडचिरोली जिल्ह्यांत ‘सर्च’ ही संस्था स्थापिली.

तेथील ३९ गांवांत बहुतेक प्रसूति घरींच होत. सुईणींना प्रथम तोंडानें श्वास देण्यास शिकविण्यांत आलें. त्यानें मृत्यु फारसे घटले नाहींत. तेव्हां बहुतेक प्रसूतींस सुईणीच्या जोडीला आरोग्यदूत बसूं लागली. ही गांवचीच, थोडें शिकलेली स्त्री. १९९६ पासून तिच्या हातीं आधीं नळी व मुखवटा देण्यांत आला. नळींतून ती स्वतः फुंकर घाली. १९९९ पासून पिशवी व मुखवटा आला.

फळ काय मिळालें? तीव्र गुदमर झालेल्या दर शंभर मुलांपैकीं पूर्वीं ३९ दगावत. तें प्रमाण २० वर आलें. गुदमरून होणारे मृत्यु एकंदरीनें ६५ टक्क्यांनीं कमी झाले. पिशवी व मुखवट्याचा खर्च टळलेल्या प्रत्येक मृत्यूमागें अवघा १३ डॉलर पडला. ज्या कामास डॉक्टरच हवा असें सर्व समजत होते, तें गांवच्या स्त्रीनें कंदिलाच्या उजेडांत करून दाखविलें.

अर्थात् पिशवीनें सर्वच मुलें वांचत नाहींत. अपुऱ्या दिवसांच्या मुलाचीं फुप्फुसें पुन्हां पुन्हां मिटतात. त्यास सतत दाबाचें यंत्र व रात्रंदिवस जागणारी परिचारिका लागते. म्हणून घर व रुग्णालय हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी नव्हेत.

२००९ सालीं भारत सरकारनें प्रसूतिगृहांतील सेवकांस पहिला श्वास देण्याचें शिक्षण सुरू केलें. २०११ पासून आशा कार्यकर्त्या नवजात बालकासाठीं घरोघर जाऊं लागल्या. आज बहुतेक प्रसूति दवाखान्यांतच होतात. तरी प्रश्न जुनाच आहे : मूल जेथें जन्मतें तेथें, त्याच मिनिटाला, पिशवी जवळ आहे काय, आणि ती दाबणारा शिकलेला हात तेथें आहे काय?