फॅमिली थेरपी आणि इस्लाममधील कुटुंबव्यवस्था

फॅमिली थेरपी म्हणजे एकट्या रुग्णाऐवजी घरच्यांनाही सोबत बसवून केलेला उपचार. ही पद्धत गेल्या शतकाच्या मध्यावर प्रामुख्याने अमेरिकेत वाढली. त्यामुळे डॉक्टरांनी ती सुचवली की अनेक मुस्लिम कुटुंबांना वाटते, "आमच्या घराची रीत यांना कळेल का?" ही शंका अगदीच निराधार नाही.

फरक नेमका कुठे आहे?

मरे बोवेन यांच्या मते घरच्यांच्या भावनांत वाहून न जाता स्वतःचा विचार करता येणे, हे निरोगीपणाचे लक्षण. साल्वादोर मिनुचिन यांनी पती-पत्नी आणि आईवडील-मुले यांच्यातील सीमारेषांवर भर दिला. इस्लाममध्ये सुरुवात कर्तव्यापासून होते. म्हाताऱ्या आईवडिलांना 'उफ' सुद्धा म्हणू नये, असे कुरआन सांगते (17:23). नातेवाइकांशी नाते जोडून ठेवणे हेही धार्मिक कर्तव्य. त्यामुळे तिशीतला विवाहित मुलगा प्रत्येक गोष्ट आईला विचारून करत असेल, तर थेरपिस्टला तो अति गुंतलेला वाटू शकतो आणि घरच्यांना आज्ञाधारक.

पण धर्म म्हणून आपण जे सांगतो, त्यातले बरेचसे आपल्याकडच्या एकत्र कुटुंबाच्या चालीरीतीतून आलेले असते. हनफी फिक्हमध्ये पत्नीला सासरच्या माणसांपासून वेगळी जागा, निदान स्वतःचे कुलूप लावता येईल अशी खोली मिळण्याचा हक्क सांगितला आहे. मिनुचिन यांची सीमारेषा याहून फार वेगळी नाही! मुलाचे दूध तोडण्याचा निर्णयसुद्धा आईवडिलांनी आपसात सल्लामसलत करून घ्यावा, असे कुरआनात आहे (2:233). दुसरीकडे, बोवेन यांनी नातेवाइकांशी संबंध तोडून टाकणे हा उपाय मानला नाही, ती एक समस्याच मानली. म्हणजे 'थेरपीला गेलो की घर मोडते' हा समज चुकीचा आहे.

पती-पत्नीत दुरावा आल्यास दोन्हीकडून एकेक मध्यस्थ नेमावा, असेही कुरआन सांगते (4:35). वाद मिटवायला हा मार्ग चांगला. मात्र मध्यस्थ नात्यातले असतात आणि त्यांचा भर समेटावर असतो. थेरपिस्ट कोणाच्याही बाजूचा नसतो आणि तुमचे बोलणे गुप्त ठेवणे त्याच्यावर बंधनकारक असते. झोप उडणे, सतत उदास वाटणे, जीव नकोसा होणे हा आजार आहे. तो मध्यस्थांवर सोपवू नका.

पहिल्याच भेटीत काय सांगाल?

घरात निर्णय कोण घेते, कोणाला सोबत बसवायचे, कोणासमोर काय बोलता येणार नाही, हे स्पष्ट सांगा. स्त्री थेरपिस्ट हवी असेल तर तसे मागा, त्यात संकोच कसला? धर्माबद्दल प्रश्न असेल तर तुमच्या परंपरेतल्या आलिमांना विचारा. गोळ्या चालू असतील तर त्या मनाने बंद करू नका.

घरात मारहाण होत असेल, तर मात्र एकत्र बसून उपचार घेऊ नका. मारणाऱ्यासमोर खरे बोलले, तर घरी गेल्यावर धोका वाढू शकतो. आधी डॉक्टरांना एकटे भेटा. महिलांसाठी 181 आणि मानसिक त्रासासाठी टेली-मानस 14416 या हेल्पलाइन आहेत.