ई-स्कूटर घेतली शहरात, बिघडली गावात: गावचं गॅरेज काय दुरुस्त करू शकतं आणि काय नाही?

साखरशेत हे पालघर जिल्ह्याच्या जव्हार तालुक्यातलं गाव. जव्हार आणि शेजारचा मोखाडा हे दोन्ही तालुके डोंगराळ, पावसाचे आणि मोठ्या बाजारपेठांपासून लांब. जव्हारहून नाशिक सुमारे ८० किलोमीटर. अशा भागात ई-स्कूटर येते ती शहरातल्या शोरूममधून, ऑनलाइन नोंदणी करून किंवा शहरात कामाला असलेल्या नातेवाइकाच्या हातून. बिघडते मात्र गावात, आणि दारात असतं ते पेट्रोल गाड्यांचं छोटं गॅरेज. तिथं अनेकदा उत्तर मिळतं, ‘जिथून घेतली तिथंच न्या.’

हे उत्तर काही बिघाडांना बरोबर आहे, पण सगळ्यांना नाही. बऱ्याच ई-स्कूटर एका चार्जमध्ये जेमतेम ८० ते १०० किलोमीटर धावतात. म्हणजे धडधाकट गाडीलाही नाशिकला जाऊन त्याच चार्जवर परत येणं जमत नाही. बंद पडलेली गाडी तर पिकअपमध्ये घालूनच न्यावी लागते. त्या भाड्यात आणि बुडालेल्या मजुरीत कितीतरी छोट्या दुरुस्त्या झाल्या असत्या. म्हणून कोणतं काम गावात होईल आणि कोणतं कंपनीकडेच न्यावं लागेल, हे मालक आणि मेकॅनिक दोघांनाही माहीत असायला हवं.

थोडक्यात:
- टायर, ब्रेक, शॉकअप, बेअरिंग, लाइट, वायरिंग ही कामं गावच्या गॅरेजमध्ये होऊ शकतात.
- ‘गाडी अचानक बंद पडली’ याचं कारण अनेकदा एखादा स्विच, कपलर किंवा एमसीबी असतं.
- बॅटरी पॅक उघडणं आणि कंपनीचं सॉफ्टवेअर, ही गावच्या गॅरेजची हद्द नाही.
- गाडी दुसऱ्या जिल्ह्यात घेतली असली, तरी ग्राहक तक्रार स्वतःच्या जिल्ह्यात करू शकतो.

ई-स्कूटरमध्ये नवीन काय असतं?

ई-स्कूटरमध्ये इंजिन, कार्बोरेटर, प्लग, क्लच आणि इंजिन ऑइल नसतं. त्याऐवजी बॅटरी, मोटर आणि या दोघांमध्ये बसणारा कंट्रोलर असतो. हँडलची रेस फिरवली की कंट्रोलरला इशारा जातो आणि तो मोटरला तेवढी वीज सोडतो. बॅटरीच्या आत बीएमएस नावाची पाटी असते. ती प्रत्येक सेलवर लक्ष ठेवते आणि धोका दिसला की वीज तोडते. लाइट, हॉर्न, इंडिकेटर मात्र नेहमीसारखे १२ व्होल्टवर चालतात. त्यासाठी कन्व्हर्टर असतो, काही मॉडेलमध्ये छोटी वेगळी बॅटरीही असते.

मोटर दोन प्रकारे बसवलेली दिसते. टीव्हीएस आयक्यूबसारख्या गाडीत ती मागच्या चाकातच असते, तिला हब मोटर म्हणतात. एथरसारख्या गाडीत मोटर मध्ये असते आणि चाक बेल्टने फिरतं. बाकी चाकं, टायर, ब्रेक, शॉकअप, स्टिअरिंगचे कोन हे सगळं मेकॅनिकच्या ओळखीचंच असतं.

गावच्या गॅरेजमध्ये काय होऊ शकतं?

पहिलं काम पंक्चरचं. ट्यूबलेस टायर असेल तर चाक काढावंच लागत नाही. हब मोटरचं चाक काढायचंच असेल, तर आधी गाडी बंद करून एमसीबी पाडायचा, मग मोटरचा कपलर सोडवायचा. चाकाच्या आसातून जाड वायरी बाहेर येतात. चाक ओढताना त्या ताणल्या किंवा चेपल्या, तर शंभर-दोनशे रुपयांच्या पंक्चरचं रूपांतर मोटरच्या खर्चात होतं. वॉशर कोणत्या क्रमाने बसवले होते, याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला की परत बसवताना चूक होत नाही.

दुसरं काम ब्रेकचं. ई-स्कूटर उतारावर मोटरच्या मदतीने वेग कमी करते आणि थोडी वीज बॅटरीत परत टाकते. पण बॅटरी पूर्ण भरलेली असेल, तर ती आणखी वीज घेऊ शकत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. घरून फुल चार्ज करून लगेच घाट उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक पॅड किंवा शू म्हणूनच अधूनमधून तपासून घेतलेले बरे.

तिसरं काम म्हणजे बंद पडलेल्या गाडीची प्राथमिक तपासणी. यासाठी साधा मल्टिमीटर पुरतो. क्रम असा:

१. एमसीबी पडला आहे का? फ्यूज उडाला आहे का?
२. साइड स्टँडचा सेन्सर अडकला आहे का? स्टँड खाली असल्याचा इशारा जात राहिला, तर गाडी हलत नाही.
३. ब्रेकच्या लिव्हरखालचा स्विच चिकटला आहे का? ब्रेक दाबला आहे असं कंट्रोलरला वाटत राहिलं, तर तो मोटरला वीज सोडत नाही. मागचा लाल दिवा सतत पेटत असेल, तर पहिला संशय इथंच घ्यायचा.
४. एखादा कपलर सैल, गंजलेला किंवा ओला आहे का?
५. रेसच्या वायरीला सुमारे ५ व्होल्ट येतात का, आणि रेस फिरवल्यावर इशाऱ्याची वायर साधारण १ पासून ४ व्होल्टपर्यंत चढते का?

यातल्या बऱ्याच बिघाडांना नवा भागही लागत नाही. कपलर साफ करून कोरडा केला, स्विच मोकळा केला की गाडी चालू होते. पावसाळ्यात तर पाणी शिरलेला कपलर ही नेहमीची तक्रार. म्हणूनच सर्व्हिसिंगच्या जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने मोटरच्या वायरी, चार्जिंगचं तोंड आणि सीटखालचा भाग धुवायचा नसतो.

घाटात गाडी मंदावली म्हणजे ती बिघडलीच असंही नाही. लांब चढावर मोटर आणि कंट्रोलर तापले की अनेक गाड्या स्वतःहून ताकद कमी करतात. थोडा वेळ सावलीत उभी करून गाडी पूर्ववत झाली, तर उघडझाप करण्याची गरज नसते.

थांबायचं कुठे?

पहिली हद्द बॅटरीची. स्कूटरची बॅटरी साधारण ४८ ते ७२ व्होल्टची असते. घरातल्या २३० व्होल्टपेक्षा हा आकडा लहान दिसतो, पण दोन टोकं चुकून जोडली गेली तर क्षणात प्रचंड करंट वाहतो. पाना वितळतो, हातातली अंगठी किंवा कडं तापून भाजतं. शिवाय लिथियमचा एक सेल पेटला की शेजारचे पेटत जातात.

हा धोका दूरचा नाही. २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यातल्याच वसईत, घरात चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन ७ वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. त्या वर्षी देशात ई-स्कूटरना आगी लागण्याच्या अनेक घटना घडल्या. त्यानंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या सुरक्षेचे ‘एआयएस-१५६’ हे नियम कडक केले. त्यांचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला.

ही चाचणी सेल, बीएमएस आणि पेटी मिळून होणाऱ्या अख्ख्या पॅकची असते. कुणी पॅक उघडून दोन जुने सेल बदलले किंवा बीएमएस वगळून थेट वायर जोडली, तर चाचणी पास झालेली बॅटरी उरतच नाही. गाडी चालू होईल, पण रात्री चार्जिंगला लावल्यावर तिच्यावर लक्ष ठेवणारं कुणी नसेल. फुगलेली, पाण्यात बुडालेली, आपटलेली किंवा वास येणारी बॅटरी चार्ज करायचीच नाही. ती घराबाहेर मोकळ्या जागी ठेवून कंपनीला कळवायचं. भंगारातही टाकायची नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेली बॅटरी गोळा करून तिची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे.

दुसरी हद्द सॉफ्टवेअरची. काही कंपन्यांच्या गाडीत नवा कंट्रोलर किंवा डिस्प्ले बसवला, तरी कंपनीच्या लॅपटॉपवरून त्याची गाडीशी ओळख करून दिल्याशिवाय तो चालत नाही. इथं गावच्या मेकॅनिकचं कौशल्य कितीही असलं, तरी दार बंद असतं. अशा वेळी डिस्प्लेवर आलेल्या एरर कोडचा फोटो काढून कंपनीला पाठवणं हेच उपयोगाचं काम.

चार्जर शेजाऱ्याचा चालेल का?

नाही. ‘६० व्होल्ट’ लिहिलेले दोन चार्जर सारखे असतीलच असं नाही. एका प्रकारच्या लिथियम बॅटरीत १६ सेल ओळीने असतात आणि ती ६७.२ व्होल्टला पूर्ण भरते. दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे एलएफपी बॅटरीत २० सेल असतात आणि ती ७३ व्होल्टला भरते. दुसरीचा चार्जर पहिलीला लावला, तर ती गरजेपेक्षा जास्त भरत राहते आणि सगळी भिस्त बीएमएसवर येते. लेड-ॲसिड बॅटरीचा चार्जर लिथियमला लावणंही तितकंच धोक्याचं. चार्जर बदलताना त्याच्यावरचा आणि बॅटरीवरचा व्होल्टेज, बॅटरीचा प्रकार आणि पिन, तिन्ही जुळायला हवेत.

बाहेर काम केलं तर वॉरंटी जाते का?

वॉरंटीत असलेली बॅटरी, मोटर किंवा कंट्रोलर बाहेर उघडला, तर कंपनी त्या भागाची वॉरंटी नाकारू शकते. पण पंक्चर काढलं किंवा ब्रेक शू बदलले म्हणून अख्ख्या गाडीची वॉरंटी संपते, हे मान्य करण्याचं कारण नाही.

याबाबत कारच्या क्षेत्रातला एक निर्णय महत्त्वाचा आहे. सुट्टे भाग आणि तपासणीची साधनं स्वतंत्र गॅरेजना मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड केला. बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, चुकीच्या दुरुस्तीमुळे झालेल्या नुकसानीपुरतीच ती नाकारता येईल, अशी आयोगाची भूमिका होती. पुढे अपिलात काही कंपन्यांच्या दंडाचा हिशेब बदलला. हा आदेश कारबद्दल होता, ई-स्कूटरला तो आपोआप लागू होत नाही. पण वाद झाला तर ग्राहकाची बाजू मांडायला त्याचा आधार घेता येतो.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टलही सुरू केलं. दुरुस्ती, सुट्टे भाग आणि वॉरंटीची माहिती एका जागी मिळावी हा त्याचा हेतू. वाहन उद्योग हे त्यातल्या चार क्षेत्रांपैकी एक आहे.

नंबर प्लेट नसलेल्या गाड्यांचं काय?

ज्या ई-स्कूटरची मोटर २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असतो, तिला नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. या गाड्यांची विक्रेती कंपनी कधी कधी सापडत नाही. पण त्यांचा एक फायदा आहे. कंट्रोलर, रेस, चार्जर हे भाग साधे आणि बाजारात सुटे मिळणारे असतात, सॉफ्टवेअरचं कुलूप नसतं. म्हणून अशी गाडी दुरुस्त करणं अनेकदा महागड्या ब्रँडच्या गाडीपेक्षा सोपं जातं.

अशा गाडीचा वेग वाढवून देण्याची मागणी मात्र मेकॅनिकने नाकारायला हवी. मर्यादा ओलांडली की ती कायद्याने मोटार वाहन ठरते. मग नोंदणी, विमा, लायसन्स सगळं लागतं, आणि अपघात झाला तर प्रश्न गॅरेजपर्यंत येऊ शकतो.

गॅरेजवाल्याचा हिशेब

पेट्रोल गाडीत ऑइल बदलणं, कार्बोरेटर साफ करणं अशी ठरलेली कामं असतात, त्यावर गॅरेज चालतं. ई-स्कूटरमध्ये ही कामं नाहीत. उलट बिघाड शोधण्यात तासभर जातो आणि शेवटी निघतो तो चिकटलेला स्विच. ‘नुसतं हातानं हलवलं, त्याचे कसले पैसे?’ असं ग्राहक म्हणाला, की पुढच्या वेळी मेकॅनिक गाडीला हात लावत नाही. म्हणून तपासणीची मजुरी आधीच ठरवलेली बरी. बिघाड कंपनीच्या हद्दीतला निघाला तरी ती द्यायची, कारण पिकअपचं भाडं खर्च करण्याआधी नेमकं काय बिघडलं हे त्यातूनच कळतं.

गॅरेजने एका चिठ्ठीवर तारीख, किलोमीटर, काय तपासलं, बॅटरीचे व्होल्ट किती आले आणि कशाला हात लावला नाही, हे लिहून द्यावं. वॉरंटीचा वाद झाला तर ही चिठ्ठी दोघांच्या उपयोगी पडते. नवीन मुलांना हे काम शिकायचं असेल, तर आयटीआयच्या अभ्यासक्रमांत आता ‘मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल’ हा स्वतंत्र ट्रेडही आहे.

कंपनी दाद देत नसेल तर?

आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची आणि तक्रार क्रमांक जपून ठेवायचा. उत्तर आलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथूनही काम झालं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथं राहतो किंवा काम करतो, तिथल्या आयोगात तक्रार करता येते. म्हणजे गाडी नाशिकला घेतली असली, तरी साखरशेतच्या माणसाला नाशिकला खेटे घालावे लागत नाहीत. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. वस्तूची किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते.

यासाठी लागणारे कागद खरेदीच्या दिवसापासून एका पिशवीत ठेवावेत: बिल, वॉरंटी कार्ड, चासी नंबर, बॅटरी आणि चार्जर यांचे सिरीयल नंबर, आणि प्रत्येक दुरुस्तीची चिठ्ठी. गाडी भावाच्या किंवा मेहुण्याच्या नावावर शहरात घेतली असेल, तर बिलाची प्रत गावातल्या घरीही असू द्यावी.