कुएलीची टेकडी

१. कुएलीची टेकडी : दक्षिण गोव्यातील मुरगाव तालुक्यात, कासावलीजवळ. माथ्यावर ‘रेमेदियुश’ मातेचे (मेरीचे) कपेल (छोटे प्रार्थनामंदिर) असून तेथून अरबी समुद्र दिसतो. ६ जानेवारीला येथे ‘तीन राजां’चे फेस्त (सण) भरते. बाळ येशूच्या दर्शनाला पूर्वेकडून आलेल्या तीन ज्ञानी पुरुषांचे हे स्मरण. कासावली, आरोशी व कुएली या गावांतील तीन मुलगे झगे घालून, मुकुट चढवून, घोड्यावरून तीन वेगवेगळ्या वाटांनी चढतात. माथ्याजवळ तिघे भेटतात आणि मग एकत्र मिस्सेला (चर्चमधील प्रार्थनाविधीला) जातात.  जाणाऱ्यांनी पहाटेच निघावे. पुढे ऊन फार तापते.