निगेटिव्ह म्हणजे नक्की काय?

फॉल्स निगेटिव्ह हा शब्द आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या तोंडी रोजचा. क्लासिफायरने चुकून सोडलं, बग टाकला, विषय संपला. तेच एखाद्या बाईच्या रिपोर्टवर आलं तर?

2000 साली चार्ल्स पेरू आणि सहकाऱ्यांनी 42 व्यक्तींच्या स्तनांतले 65 नमुने घेऊन त्यातली जनुकं किती जागी आहेत ते मोजलं. तेव्हा एकाच नावाखाली मोडणाऱ्या गाठींचे ल्युमिनल, बेसल, हर-2 असे वेगळे गट पडले. थोडक्यात, डोळ्याला दिसत नाही ते रेणूंनी दाखवलं. हे बऱ्याच जणांनी वाचलेलं असतं. पण डोळा विरुद्ध रेणू हाच सामना त्याच सुमारास आपल्या उस्मानाबादेत (2023 पासून धाराशिव) चालू होता, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर, हे किती जणांना ठाऊक आहे?

याची सुरुवात बार्शीची. गाव सोलापूर जिल्ह्यातलं, पण भूम-परंडा शेजारीच. तिथल्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलात 1987 साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. गावोगाव फिरून केसेस शोधायच्या आणि लिहून ठेवायच्या. डेटाबेसवाल्यांनी हात जोडावेत असं काम!

त्याच बळावर 1999 च्या ऑक्टोबरात टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आयएआरसी यांच्यासोबत मोठा अभ्यास उभा राहिला. 52 गावसमूह, 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका, चार गट. एका गटाची पॅप स्मिअर, म्हणजे काचेवरच्या पेशी माणसाने वाचायच्या. दुसऱ्या गटात अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहायचं. तिसऱ्यात एचपीव्ही विषाणूचा डीएनए शोधायचा. चौथ्याची तपासणीच नाही.

निकाल 2009 मध्ये छापून आला. मला त्यातला एकच आकडा पुरेसा वाटतो. 'निगेटिव्ह' ठरलेल्यांपैकी पुढे वर्षाला लाखात किती जणींना कॅन्सर झाला? पॅप गटात 15.5, डोळ्यांनी पाहिलेल्यांत 16.0, एचपीव्ही गटात फक्त 3.7. शिक्का तोच, पण भरवसा चौपट. एचपीव्ही चाचणी तर आयुष्यात एकदाच झाली होती. तरी त्या गटात 34,126 बायकांमागे या कॅन्सरने 34 मृत्यू झाले. चौथ्या गटात 31,488 मागे 64.

हा चौथा गट काही डोक्यातून जात नाही. जिल्ह्यात अशी नियमित तपासणी नव्हतीच, तेव्हा कुणाचं काही हिरावलं नाही, ही एक बाजू. तपासणीने जीव वाचतात हे तोवर जगाला कळलं होतं, ही टीकाकारांची बाजू. मी टीकाकारांकडे झुकतो. पण हेही खरं की 2021 साली जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही डीएनए चाचणीला पहिली पसंती दिली, आणि तिच्या बाजूने मृत्यूंचा हिशोब मांडणारा इतका मोठा अभ्यास मराठवाड्यातल्या या बायकांवर झालेला होता.