हळवेपणा

'हळवा' हे विशेषण मराठीत शिवारातही आढळते आणि स्वभाववर्णनातही. लवकर तयार होणारे भात हळवे, उशिरा येणारे गरवे. 'हळू', 'हलका' आणि 'हळवा' या शब्दांचे मूळ संस्कृत 'लघु'मध्ये, तर 'गरवा'चे 'गुरू'मध्ये मानले जाते. थोडक्या कारणाने ज्याचे मन भरून येते, तो माणूस हळवा आणि त्याचा हा गुण म्हणजे हळवेपणा.

जवळच्या शब्दांच्या छटा मात्र निराळ्या आहेत. अश्रू ओघळण्याच्या बेतात असलेला तो रडवेला. ही क्षणिक अवस्था होय. ऊठसूट कुरकुरणारा तो रडका; येथे दोष अभिप्रेत आहे. भावनेपुढे विवेक हरपला की भावविवशता. दाखवण्यापुरते ढाळलेले ते नक्राश्रू. 'हळवा' हा शब्द प्रशंसा आणि उपहास यांच्या सीमेवर उभा असल्याने तो योजताना संदर्भ पाहावा लागतो.

या सीमेवरील सर्वांत परिचित नाव म्हणजे साने गुरुजी (१८९९-१९५०). जळगाव जिल्ह्यातील अमळनेरच्या शाळेत ते शिक्षक होते. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई'ने वाचकांच्या पिढ्यांना रडवले. आचार्य अत्रे यांच्या त्याच नावाच्या चित्रपटाला १९५४ मध्ये पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. याच अश्रूंमुळे गुरुजींच्या लेखनावर 'रडके' असा शिक्काही बसला.

हा शिक्का शब्दार्थाच्या कसोटीवर टिकत नाही. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबांनी अठरा रविवारी गीतेवर दिलेली प्रवचने गुरुजींनीच टिपून घेतली. 'गीता प्रवचने' हा ग्रंथ त्यातून सिद्ध झाला. हे काम एकाग्रतेचे होते. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे, म्हणून मे १९४७ मध्ये त्यांनी प्राणांतिक उपोषण केले आणि मंदिराचे दार उघडले. ज्याचे डोळे पाणावत, तो निर्धारात डळमळला नाही.

म्हणून शब्द निवडताना अश्रू मोजण्यापेक्षा त्यांचे कारण आणि परिणाम पाहावेत. दुसऱ्याच्या दुःखाने मन द्रवून हात कामाला लागले, तर तो हळवेपणा. स्वतःच्याच दुःखाला कुरवाळत माणूस जागीच बसून राहिला, तर रडकेपणा.