प्रथम सत्र प्रगती-आढावा : शिक्षकाची पूर्वतयारी

प्रथम सत्र प्रगती-आढावा : महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांत जून ते दिवाळी या सत्राच्या अखेरीस वर्गातले प्रत्येक मूल अपेक्षित अध्ययन निष्पत्तींपैकी कुठवर पोहोचले, हे वर्गशिक्षकाने तपासून मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख आणि पालक यांच्यापुढे मांडण्याची रीत. संकलित मूल्यमापन १, केंद्राची शिक्षण परिषद, अधिकाऱ्यांची वर्गभेट आणि पालकसभा ही सगळी कामे सत्राच्या टोकाला एकमेकांवर येऊन पडतात. शिक्षकांच्या बोलण्यात या सगळ्याला मिळून ‘आढावा’ असा एकच शब्द आहे. ‘आढावा लागलाय’ एवढे कळले की कपाटातल्या नोंदवह्या टेबलावर येतात. ज्या वह्या जुलैपासून टेबलावर असायला हव्यात त्या ऑक्टोबरात निघतात, हेच या रीतीचे जुने दुखणे आहे.

कायद्याचा आधार : बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २९ मध्ये मुलाच्या आकलनाचे सर्वंकष व सातत्यपूर्ण मूल्यमापन सांगितले आहे. कलम २४ शिक्षकाची कर्तव्ये सांगते : प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासणे, गरजेप्रमाणे जादा शिकवणे आणि पालकांच्या नियमित सभा घेऊन हजेरी व प्रगती त्यांच्या कानावर घालणे. आढाव्याची मुळे या कलमात आहेत. वरिष्ठांना आकडे पुरवणे हा त्याचा नंतर वाढलेला भाग होय.

महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने पहिली ते आठवीसाठी ही मूल्यमापन पद्धत आली. तिचे दोन भाग आहेत. शिकणे चालू असताना होते ते आकारिक. सत्राच्या शेवटी होते ते संकलित. पहिली-दुसरीला आकारिक व संकलित यांचा भार ७० : ३० असतो, तिसरी-चौथीला ६० : ४०, पाचवी-सहावीला ५० : ५० आणि सातवी-आठवीला ४० : ६०. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण या विषयांचे मूल्यमापन पूर्णपणे आकारिक असते. आकारिकसाठी दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर अशी आठ साधनतंत्रे दिली आहेत. गुणांचे रूपांतर अ-१ ते ई-२ अशा नऊ श्रेणींत होते : ९१ ते १०० ला अ-१, ३३ ते ४० ला ड, त्याखाली ई-१ आणि ई-२.

आकारिक-संकलित हा भेद मूळचा मायकेल स्क्रिव्हन यांचा. त्यांनी १९६७ मध्ये तो अभ्यासक्रमांच्या मूल्यमापनासाठी केला. पुढे बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो विद्यार्थ्यांच्या शिकण्याला लावला. या भेदाच्या नजरेने पाहिले तर संकलित १ ही चमत्कारिक गोष्ट आहे. नाव संकलित, पण वर्ष अर्धे शिल्लक असल्यामुळे तिचा खरा उपयोग आकारिकच. ती निकाल म्हणून वाचली तर प्रगतिपत्रक भरून होते आणि विषय संपतो. निदान म्हणून वाचली तर दुसऱ्या सत्राचे नियोजन तिच्यातून निघते.

जूनची रेघ : आढावा म्हणजे दोन बिंदूंमधले अंतर मोजणे. त्यामुळे पहिला बिंदू जागेवर नसेल तर ऑक्टोबरच्या आकड्याला अर्थ उरत नाही. २२ जून २०१५ च्या निर्णयाने सुरू झालेल्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमात पायाभूत चाचणी आली ती याचसाठी. स्टार्स प्रकल्पाखाली २०२३–२४ पासून ती नियतकालिक मूल्यांकन चाचणीच्या रूपात घेतली जाऊ लागली : प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी हे विषय आणि वर्षात पायाभूत, संकलित १, संकलित २ असे तीन टप्पे. शाळेत तपासलेले गुण पुण्याच्या विद्या समीक्षा केंद्राच्या चॅटबॉटवर भरावे लागतात.

लेखी चाचणीतून वाचनाची पायरी कळत नाही. ती मुलाला जवळ बसवून पाहावी लागते. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ मध्ये सुरू झालेल्या ‘असर’ सर्वेक्षणाची शिडी त्यासाठी सोयीची आहे आणि बऱ्याच शिक्षकांच्या तोंडी बसलेली आहे : अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. अपेक्षा किती ठेवायची हे अध्ययन निष्पत्तींवरून ठरते. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने (एनसीईआरटी) प्राथमिक स्तरासाठी त्या २०१७ मध्ये प्रसिद्ध केल्या. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने खालच्या इयत्तांसाठी आकडाच दिला : दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचणे आणि ९९९ पर्यंतच्या संख्या, तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द आणि ९९९९ पर्यंतच्या संख्या.

समजा, तिसरीतली दोन मुले ऑक्टोबरात परिच्छेद वाचतात. दोघांची श्रेणी एकच येईल. पण एक जूनमध्ये अक्षरांवर होते आणि दुसरे तेव्हाही परिच्छेदावरच होते. पहिल्याने चार महिन्यांत दोन पायऱ्या चढल्या. दुसरे आहे तिथेच उभे आहे. काळजी करायची ती दुसऱ्याची. ‘हुशार आहे, त्याचे काही नाही’ या शेऱ्याखाली ते मूल हमखास झाकले जाते. जूनची नोंद तारखेसह हाताशी असेल तरच हा फरक दिसतो.

उत्तरपत्रिका वाचणे : पूर्वतयारीतले सर्वांत मोलाचे आणि सर्वांत टाळले जाणारे काम. तपासणे वेगळे, वाचणे वेगळे. एका मुलाने ५२ − ३७ चे उत्तर २५ लिहिले. तपासणाऱ्याच्या लेखी हे चूक, शून्य गुण. वाचणाऱ्याला दिसते की मुलाने पाचातून तीन वजा केले ते बरोबर आहे. एककात मात्र दोनातून सात जात नाहीत म्हणून त्याने उलटे करून सातातून दोन घेतले. त्याला वजाबाकी येते, दशक सुटा करता येत नाही. आणखी पन्नास उदाहरणे घालून हे सुटणार नाही. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे घेऊन एक गठ्ठा त्याच्या हाताने सोडवून घ्यावा लागतो. वर्गात अशी सहा मुले निघाली तर दिवाळीनंतरचा पहिला आठवडा कशाचा, हे तिथेच ठरले.

संख्यालेखनाची चूक तर खास आपल्या भाषेची आहे. ‘एकोणतीस’ ऐकले की मूल ३९ लिहिते, कारण त्याच्या कानावर ‘तीस’ पडले. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात एकवीसच्या जोडीने ‘वीस एक’ अशी वाचनाची रीत आणली तेव्हा मोठा वाद झाला, थट्टाही झाली. थट्टा करणाऱ्यांनी दुसरीच्या वर्गात पाच संख्या श्रुतलेखनाला घालून पाहिल्या असत्या तर पुस्तक लिहिणाऱ्यांची अडचण त्यांना कळली असती. रीत पटो न पटो, चूक खरी आहे. आढाव्याच्या टिपणात ‘गणित कच्चे’ असे न लिहिता ‘एकोण असलेल्या संख्या लिहिताना दशक चुकतो’ असे लिहिले गेले पाहिजे.

वर्णनात्मक नोंदी : प्रगतिपत्रकात विशेष प्रगती, आवड-छंद आणि सुधारणा आवश्यक अशा जागा असतात. तिसरीचे विषय मराठी, गणित, इंग्रजी, परिसर अभ्यास, कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण असे सात. पटावर तीस मुले धरली आणि प्रत्येक विषयाला एकच नोंद धरली तरी २१० नोंदी होतात. द्विशिक्षकी शाळेत दोन-दोन, तीन-तीन इयत्ता एकाच शिक्षकाकडे असतात. तिथे हा हिशेब करायची सोयच नाही. म्हणून बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका मिळतात आणि शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटांत त्यांच्या पीडीएफ फिरतात. ‘वर्गकार्यात उत्साहाने सहभागी होतो’ हे वाक्य अख्ख्या गावातल्या मुलांच्या पत्रकांवर सापडू शकते. उतरवणाऱ्या शिक्षकाला दोष देण्याआधी २१० हा आकडा पाहावा.

तरी उतरवलेली नोंद आढाव्यात निरुपयोगीच ठरते. ‘वाचनात सुधारणा आवश्यक’ यावरून पुढे काय करायचे ते ना पालकाला कळते, ना वर्ग हाती घेणाऱ्या पुढच्या शिक्षकाला. ‘साधा परिच्छेद सलग वाचतो, सूर्य, चक्र, ट्रक असे र चे प्रकार आले की थांबतो आणि शब्द गाळून पुढे जातो’ ही नोंद लिहायला अर्धे मिनिट जास्त लागते, पण तिच्यात उपाय दडलेला आहे. अनुभवी शिक्षक यासाठी एक साधी युक्ती करतात. रोज पाचच मुलांकडे नीट पाहायचे आणि त्याच दिवशी टाचणवहीच्या कडेला दोन ओळी खरडायच्या. तीसचा वर्ग सहा दिवसांत फिरून होतो. ऑक्टोबरात मग नोंदी आठवाव्या लागत नाहीत. टाचणवहीवरून पत्रकात घ्याव्या लागतात.

मांडणी : मुख्याध्यापक किंवा केंद्रप्रमुखांसमोर जाताना हाताशी असाव्यात अशा वस्तू थोड्या आहेत : पायाभूत चाचणीचा तक्ता, हजेरीपट, आकारिक नोंदवही, संकलित १ च्या उत्तरपत्रिका आणि तीन-चार मुलांच्या जूनच्या व आताच्या वह्या. हजेरीपट विसरला जातो. मागे पडलेल्या मुलाचा पट उघडला की पुष्कळदा भाताच्या लावणीत किंवा सोयाबीनच्या काढणीत गेलेले पंधरा-वीस दिवस समोर येतात. तिथे प्रश्न शिकवण्याचा नसतो.

वर्गभेटीला आलेले साहेब फळ्यावर उदाहरण घालतात, एखाद्याला उठवून वाचायला लावतात आणि शेरेबुकात चार ओळी लिहून जातात. शिक्षक अशा वेळी नेमकी पुढच्या बाकावरची मुले पुढे करतो. हे माणसाच्या स्वभावाला धरून आहे, पण त्यात शिक्षकाचाच तोटा असतो. ‘या पाच जणांचे अडले आहे, मी हे हे करून पाहिले, यातले एवढे लागू पडले, पुढे मला हे लागेल’ असे स्वतःहून सांगणारा शिक्षक चर्चेचा रोख आपल्याकडे घेतो. जादा तासिका, स्वयंसेवक, संख्यापट्ट्या, मुलाला डोळे तपासायला पाठवणे अशा मागण्या याच वेळी नोंदवता येतात. दुसऱ्या सत्राचे उद्दिष्ट मुलागणिक आणि पायरीगणिक लिहावे : अमुक मूल जानेवारीअखेर शब्दांवरून परिच्छेदावर. ‘वर्ग शंभर टक्के प्रगत’ हे फलकावर शोभते. त्यावरून सोमवारी सकाळी काय शिकवायचे ते कळत नाही.

आक्षेप : उद्दिष्ट आणि मोजमाप यांचे जुने भांडण इथेही आहे. ज्या आकड्यावर माणसाचे मोल ठरते तो आकडा बिघडू लागतो, हे डोनाल्ड कॅम्बेल यांचे १९७० च्या दशकातले निरीक्षण शिक्षणक्षेत्रात वारंवार आठवले जाते. वर्षाच्या मध्यावर विद्यार्थ्यांच्या प्रगती-उद्दिष्टांची बैठक घेण्याची पद्धत अमेरिकेत रुळली. डेन्व्हरच्या शाळांनी १९९९ मध्ये शिक्षकांच्या वेतनाशी अशी उद्दिष्टे जोडण्याचा प्रयोग केला आणि पुढे अनेक राज्यांनी ती शिक्षकाच्या मूल्यमापनात घेतली. तिथे मध्यावर उद्दिष्ट सुधारून घेण्याची मुभा बहुधा असते. आपल्याकडे वेतनाचा संबंध नाही, पण फलकावरच्या टक्क्यांचा दबाव आहे. गुण एकदा चॅटबॉटवर गेले की चर्चा मुलांवरून माहिती भरली की नाही यावर सरकते, ही शिक्षकांची तक्रार रास्त आहे. अशैक्षणिक कामांचीही तक्रार आहेच. कायद्याचे कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढ्यापुरतीच सूट देते. निवडणूक मात्र पुष्कळदा ऐन सत्राच्या टोकालाच येते.

याच कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत अनुत्तीर्ण मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची वाट राज्यांना मोकळी करून दिली. महाराष्ट्रात २०२३–२४ पासून या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा आहे. तिथल्या ऑक्टोबरच्या आढाव्याला त्यामुळे वेगळी धार आली आहे : आता दाखवून न दिलेली अडचण उन्हाळ्यात पुनर्परीक्षेच्या रूपाने समोर येते.

पालकसभा : पालक श्रेणी पाहतात आणि विचारतात, ‘नंबर कितवा आला?’ या पद्धतीत नंबर नाही, हे दरवर्षी नव्याने सांगावे लागते. सांगून पटत नाही, दाखवून पटते. जूनची वही आणि ऑक्टोबरची वही शेजारी ठेवून पोराला तिथेच चार ओळी वाचायला लावल्या की ‘ब-२ म्हणजे चांगले की वाईट’ हा प्रश्न पुन्हा येत नाही. सभा संध्याकाळी, मजुरी करून आई-बाप घरी आल्यावर घेतली तर माणसे येतात. सकाळी अकराच्या सभेला सह्या असतात, पालक नसतात.

ऊसतोडीची गावे : बीडसारख्या जिल्ह्यांत आढाव्याचे वेळापत्रक कारखान्याच्या गाळपावर चालते. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहिलेली मुले सोडली तर बाकीची गाडीत बसतात. अशा मुलांची पायरी संकलित १ ची वाट न पाहता सप्टेंबरअखेरच पाहून ठेवावी लागते. स्थलांतर करणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड दिले जाते, म्हणजे जिथे फड पडेल तिथल्या शाळेत त्याला बसता येते. कार्डासोबत मुलाची वाचनाची पायरी, अडलेले गणित आणि सोबत दिलेले पुस्तक एवढे एका चिठ्ठीवर लिहून दिले तर समोरच्या अनोळखी शिक्षकाचा महिना वाचतो. मूल मार्च-एप्रिलमध्ये परत येते तेव्हा संकलित २ तोंडावर असते आणि तुलनेला हाताशी असते ती सप्टेंबरात लिहिलेली तेवढीच नोंद.