रेगे कोणाचे? एका बेटाचे संगीत आणि त्याचा वारसाहक्क



‘रेगे’ हा शब्द कानी पडला, की मराठी माणसाला प्रथम एक आडनाव आठवते. वाङ्मयाची गोडी असलेल्यांना पु. शि. रेगे आठवतात. आज ज्या रेगेचा विचार करावयाचा आहे, ते मात्र कॅरिबियन समुद्रातील जमैका या बेटावर १९६८ च्या सुमारास आकाराला आलेले संगीत होय. विषय दूरचा वाटेल. परंतु त्याच्या पोटात दडलेला प्रश्न दूरचा नाही. गरिबांनी निर्माण केलेली कला जगाने उचलली, तिच्यावर इतरांनी पैसा मिळविला, तर ती कला कोणाची? तिचे नाव, तिचे उत्पन्न आणि तिचे भवितव्य यांवर अधिकार कोणी सांगावयाचा? महाराष्ट्राच्या सीमेबाहेर पिढ्यान्‌पिढ्या आपली भाषा जतन करणाऱ्या आपल्यासारख्यांना या प्रश्नाचे मोल वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

प्रथम इतिहास पाहू. १६५५ मध्ये इंग्रजांनी जमैका स्पॅनिश सत्तेकडून जिंकून घेतले आणि उसाच्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून लक्षावधी माणसे गुलाम म्हणून तेथे आणली. गुलामी रद्द करणारा कायदा १८३४ मध्ये अमलात आला. पण खरी मुक्ती मिळाली ती १ ऑगस्ट १८३८ रोजी. मळ्यांना मजूर कमी पडू लागले, तेव्हा १८४५ ते १९१७ या काळात हिंदुस्थानातून सुमारे ३६ हजार करारबद्ध मजूर तेथे नेण्यात आले. त्यांतील बहुतेक उत्तर हिंदुस्थानातील होते. ‘गांजा’ हा आपल्या ओळखीचा शब्द त्यांच्याबरोबरच त्या बेटावर पोहोचला आणि पुढे तेथील रास्ताफारी पंथाच्या बोलीत कायमचा रुजला.

हा पंथ रेगेच्या मुळाशी आहे. मार्कस गार्वी यांनी आफ्रिकी वंशाच्या लोकांत स्वाभिमान जागविला होता. १९३० मध्ये इथिओपियात हेले सेलासी यांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा जमैकातील काही दीनदुबळ्यांनी त्या कृष्णवर्णीय सम्राटातच आपला तारणहार पाहिला. प्रतिष्ठित समाजाने या जटाधारी लोकांची सतत हेटाळणी केली. ६ ऑगस्ट १९६२ रोजी देश स्वतंत्र झाल्यावरही ती थांबली नाही. एप्रिल १९६३ मध्ये कोरल गार्डन्स येथील हिंसाचारानंतर पोलीस आणि सैन्याने रास्ताफारींची सरसकट धरपकड केली, त्यांना मारहाण झाली, अनेकांच्या जटा कापल्या गेल्या. या प्रकाराबद्दल सरकारने जाहीर क्षमा मागितली ती २०१७ मध्ये. ज्यांच्या श्रद्धेने या संगीताला वाणी दिली, त्यांना राज्याने आधी तुरुंग दाखविला आणि नंतर त्यांचे संगीत राष्ट्रीय भूषण म्हणून मिरविले. मालकीच्या प्रश्नाची पहिली गाठ येथे आहे.

संगीताचा प्रवाहही एकाच झऱ्यातून आलेला नाही. मेंटो हे बेटावरील जुने लोकसंगीत होते. १९५० नंतर किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत ‘साउंड सिस्टीम’ची प्रथा पडली. वाद्यवृंदाला देण्यास पैसा नाही, म्हणून कोणी एकजण मोठमोठे ध्वनिक्षेपक अंगणात मांडी आणि अमेरिकेतून आणलेल्या तबकड्या वाजवी. लोक रात्रभर नाचत. अमेरिकेतील आवड बदलली आणि हव्या तशा तबकड्या मिळेनाशा झाल्या, तेव्हा क्लेमंट ‘कॉक्सन’ डॉड, ड्यूक रीड यांसारख्या साउंड सिस्टीमच्या मालकांनी स्थानिक वादकांकडून नवी गाणी ध्वनिमुद्रित करून घेण्यास प्रारंभ केला. त्यातून स्का, १९६६ नंतर संथ लयीचे रॉकस्टेडी आणि १९६८ च्या सुमारास रेगे जन्मले. टूट्स हिबर्ट यांच्या वाद्यवृंदाने त्याच वर्षी काढलेल्या गाण्याच्या शीर्षकात हा शब्द आला आणि नाव रूढ झाले.

या संगीताचे वैशिष्ट्य आपल्या परिभाषेत सांगता येईल. आपण समेची वाट पाहतो. पहिल्या मात्रेवर आलो की समाधान पावतो. रेगेच्या एका प्रसिद्ध ठेक्यात पहिली मात्रा मुद्दाम मोकळी सोडतात आणि ढोलाचा भारदस्त आघात तिसऱ्या मात्रेवर पडतो. गिटारचे तुटक स्वर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर येतात. जेथे आधार अपेक्षावा तेथे पोकळी, आणि त्या पोकळीतून डोलणारी लय, अशी ही रचना आहे.

आता उत्पन्नाकडे वळू. त्या काळी गायकाला किंवा वादकाला बहुधा एकरकमी मोबदला हाती पडे आणि ध्वनिमुद्रण निर्मात्याचे होई. १९७२ च्या ‘द हार्डर दे कम’ या चित्रपटातील नायकाला त्याच्या गाण्याचे अवघे वीस डॉलर मिळतात. प्रेक्षकांना ते अतिशयोक्त वाटले नाही. कायदा तरी काय करणार? १९११ चा ब्रिटिश साम्राज्याचा स्वामित्वहक्क कायदाच स्वातंत्र्यानंतर तीस वर्षे तेथे चालू होता. स्वतःचा नवा कायदा अमलात आला तो १९९३ मध्ये. आणि गीतकार-संगीतकारांच्या वतीने मानधन गोळा करणारी ‘जेकॅप’ ही देशी संस्था स्थापन झाली १९९८ मध्ये. म्हणजे जी गाणी जगभर गाजली, ती बहुतेक या कुंपणाच्या आधीची होती. एरिक क्लॅप्टन यांनी गायिलेले बॉब मार्ली यांचे गाणे १९७४ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले, तेव्हा मार्ली यांच्या देशात त्यांच्या हक्काचे रक्षण करणारी आधुनिक यंत्रणा अस्तित्वातच नव्हती.

मार्ली यांचेच उदाहरण पुढे पाहावे. ११ मे १९८१ रोजी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ते मृत्युपत्र न करता वारले आणि त्यांच्या मिळकतीचा वाद वर्षानुवर्षे न्यायालयांत चालला. १९७३ ते १९७६ मधील तेरा गाण्यांचा वाद तर लंडनच्या न्यायालयात २०१४ मध्ये निकाली निघाला. जुन्या प्रकाशकाच्या बंधनातून सुटण्यासाठी मार्ली यांनी आपली गाणी मित्रांच्या नावे नोंदविली, असे एका पक्षाचे म्हणणे होते. त्यांतील एका अत्यंत लोकप्रिय गाण्यावर ट्रेंचटाउनमध्ये भुकेल्यांसाठी अन्नछत्र चालविणारे त्यांचे मित्र व्हिन्सेंट फोर्ड यांचे नाव आहे. निकाल मात्र ठरला तो १९९२ च्या एका करारातील शब्दांत काय सामावते, यावर. ज्या वस्तीत गाणे जन्मले, तिचा या वादात उल्लेख आला असेल. हिस्सा आला नाही.

तथापि सगळा दोष कायद्याच्या अभावावर टाकून भागणार नाही. या संगीताची स्वतःची रीतच कायद्याच्या चौकटीत मावत नाही. ढोल आणि बास-गिटार यांच्या जोडणीला जमैकात ‘रिडिम’ म्हणतात. एकाच रिडिमवर निरनिराळे गायक निरनिराळी गाणी रचतात. कीर्तनात एकाच चालीवर अनेक पदे म्हणावीत, तसाच हा प्रकार. साठच्या दशकाच्या अखेरीस डॉड यांच्या स्टुडिओ वनमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ‘रिअल रॉक’ या रिडिमवर शेकडो गाणी रचली गेली. तबकडीच्या मागील बाजूस गायकाचा आवाज काढून केवळ वाद्यांची आवृत्ती देण्याची प्रथा पडली; त्यावर यू-रॉय यांच्यासारखे कलावंत स्वतःचे शब्द बोलू लागले आणि किंग टबी यांच्यासारख्या तंत्रज्ञांनी ‘डब’ हा नवा प्रकार घडविला. देवाणघेवाण हा या कलेचा श्वास आहे. प्रत्येक उसनवारीवर दावा लागला असता, तर रेगे वाढलेच नसते.

१९८५ चे उदाहरण तर मोठे बोलके आहे. त्या वर्षी गाजलेला ‘स्लेंग टेंग’ हा रिडिम कॅसिओ कंपनीच्या एका लहान विद्युत्-पेटीत आधीच भरलेल्या ठेक्यावर उभा होता. तो ठेका रचला होता ओकुदा हिरोको या जपानी तरुणीने. आणि तिने विद्यार्थिदशेत रेगेवरच प्रबंध लिहिला होता! जमैकाचे संगीत जपानला गेले, यंत्रात शिरले आणि किंग्स्टनला परत येऊन एका नव्या पर्वाचे कारण झाले. येथे मालक कोण म्हणावयाचा?

याच्या उलट बाजूही आहे. स्टीली आणि क्लीव्ही या जोडीने १९८९ मध्ये ‘फिश मार्केट’ हा रिडिम रचला. त्याच्या ठेक्यावर लॅटिन अमेरिकेतील ‘रेगेतोन’ या प्रचंड उलाढालीच्या संगीताचा पाया उभा राहिला, असे त्यांच्या बाजूचे म्हणणे आहे. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातील न्यायालयात त्यांच्या वतीने दावा दाखल झाला. तो शंभराहून अधिक कलावंतांपर्यंत आणि हजारावर गाण्यांपर्यंत वाढला. स्टीली २००९ मध्येच निवर्तले होते. मे २०२४ मध्ये न्यायाधीशांनी दावा प्रारंभीच फेटाळण्यास नकार दिला. अनेकांना भय वाटते, की ठेक्यावरच मक्ता मान्य झाला तर उद्या कोणालाही संगीत रचणे कठीण होईल. हे भय खोटे नाही. पण ज्यांच्या ठेक्यावर इतरांनी इमले बांधले, त्यांनी रिकाम्या हातांनी मरावे, हाही न्याय नव्हे.

जमैकाने उपाय केले नाहीत असे नाही. २०१५ मध्ये कायदा दुरुस्त करून स्वामित्वहक्काची मुदत पन्नासवरून पंच्याण्णव वर्षांवर नेली आणि तिचा लाभ १९६२ पासूनच्या कृतींना दिला. हेतू उघड होता: स्वातंत्र्याच्या वेळची गाणी हातून निसटू नयेत. परंतु टीकाकारांनी दाखविले, की परदेशात मुदत तेथील कायद्याने ठरते. त्यामुळे जमैकाच्या गाण्यांना बाहेर जास्त काळ पैसा मिळेलच असे नाही, मात्र परदेशी कृतींसाठी जमैकातील वाचक-श्रोत्यांना अधिक काळ पैसा मोजावा लागेल. लांब मुदत म्हणजे बळकट मालकी नव्हे, हा यातील धडा होय.

नोव्हेंबर २०१८ मध्ये मॉरिशसमधील पोर्ट लुई येथे युनेस्कोच्या समितीने जमैकाच्या रेगेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. मॉरिशस ही आपल्या भाषाबांधवांचीही वस्ती. आणि त्याच बेटावर काया या गायकाने स्थानिक सेगा आणि रेगे यांच्या मिलाफातून ‘सेगे’ हे संगीत रूढ केले होते. रेगेला मान मिळाला तो रेगेने दुसऱ्यांना काय दिले, याची साक्ष देणाऱ्या भूमीवर. मात्र या यादीने मालकी मिळत नाही. कोणत्याही परदेशी वाद्यवृंदाला रेगे वाजविण्यास ती मनाई करीत नाही. ती त्या देशावर जतनाची जबाबदारी टाकते. २०२२ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातील सोजा या वाद्यवृंदाला उत्कृष्ट रेगे संग्रहाचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला, तेव्हा या वारशाचे काय, असा प्रश्न पुष्कळांनी विचारला. कोणी रेगे गाऊ नये, हे म्हणणे रेगेच्या इतिहासालाच शोभणार नाही. परंतु गौरव आणि धन यांचे वाटप करणारी दालने किंग्स्टनपासून किती दूर आहेत, हे त्या प्रसंगाने पुन्हा दिसले.

मग मालकी म्हणजे नेमके काय? माझ्या मते तिचे तीन भाग पाडावे. पहिला नावाचा: कोणी रचले, कोणी वाजविले, याची खरी नोंद. दुसरा मोबदल्याचा: ज्याच्या कृतीवर बाजार चालतो, त्याला व त्याच्या मुलाबाळांना वाजवी वाटा. तिसरा वारशाचा: ती कला शिकण्याची सोय तिच्या जन्मभूमीतील सामान्य मुलास असणे. पहिल्या दोन भागांसाठी दप्तरे, करार आणि न्यायालये लागतात. तिसऱ्या भागासाठी मात्र शाळाच लागते.

म्हणूनच शेवटी किंग्स्टनमधील एका शाळेविषयी सांगतो. १८८० मध्ये निराधार मुलांसाठी स्थापन झालेली आणि पुढे दया-भगिनींच्या संघाने चालविलेली अल्फा बॉइज स्कूल ही ती संस्था. मुलांना सुतारकाम, छपाई, शिवणकाम शिकवीत, त्याचबरोबर बँडही शिकवीत. सिस्टर मेरी इग्नेशियस (१९२१–२००३) यांनी मुलांसाठी तबकड्यांचा संग्रह केला आणि अनेक पिढ्यांना संगीताची दिशा दाखविली. स्का युगातील सुप्रसिद्ध ‘स्काटालाइट्स’ वाद्यवृंदाचे चार संस्थापक-वादक याच शाळेचे विद्यार्थी होते; ट्रॉम्बोनवादक डॉन ड्रमंड त्यांतलेच. ज्यांना आईबापांकडून काही मिळाले नव्हते, त्यांच्या हाती या शाळेने एक वाद्य दिले, आणि त्यांनी देशाला संगीत दिले. २०१४ मध्ये तेथील वसतिगृह बंद झाले. संगीताचे शिक्षण मात्र चालू राहिले.

एकट्या २०२१ या वर्षात यू-रॉय, बनी वेलर, ली ‘स्क्रॅच’ पेरी आणि बासवादक रॉबी शेक्सपिअर काळाच्या पडद्याआड गेले. त्यांच्या तबकड्या उरतील. हात आणि कान उरत नाहीत. ते दुसऱ्याच्या हातात आणि कानात वेळीच उतरवावे लागतात. जमैकाने संगीताचे संग्रहालय उभारले, विद्यापीठात रेगेचा अभ्यास सुरू केला, फेब्रुवारी महिना रेगेला वाहिला. ही कामे स्तुत्य आहेत. पण वस्तीतल्या एखाद्या मुलाला शिक्षक आणि वाद्य मिळते की नाही, यावरच त्यांचे फळ अवलंबून राहील.

जगाने रेगे गावे. गाताना ते कोणाचे आहे, हे सांगावे, आणि त्यातून जे मिळते त्यातील वाटा त्या बेटापर्यंत पोहोचवावा. एवढे झाले, तर कुंपण घालण्याची पाळी येणार नाही. आणि एवढे होईपर्यंत, ज्यांनी ते निर्माण केले त्यांनी न्यायालयाची पायरी चढली तर त्यांना कोणी कृपण म्हणू नये.